हनुवटीखालची घडी

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माझ्या हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, आणि सोळाव्या वर्षी "लग्न झालं की जातील" असं छातीठोकपणे सांगणारी एकही बाई आता जबाबदारी घ्यायला तयार नव्हती.

मी लोहाऱ्यात आठवीला विज्ञान शिकवते. (हे लक्षात ठेवा. पुढं माझी जी शोभा झाली, तिच्यात याचा मोठा वाटा आहे.) वर्गातल्या मुलींना पुटकुळ्या आणि बाईंनाही पुटकुळ्या, अशा थाटात मी अख्खं वर्ष काढलं. मुलींच्या गेल्या, माझ्या राहिल्या. बरं, कपाळावर आल्या असत्या तर केसांची बट सोडून झाकल्या असत्या. माझ्या आल्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं, आणि पाळीच्या आधी आठवडाभर न चुकता नव्या. मराठीत यांना तारुण्यपीटिका म्हणतात. ज्यानं हा शब्द काढला त्याला एकदा माझे गुडघे दाखवायला पाहिजेत.

घरात उपायांना तोटा नव्हता. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. तर या मामींचा जायफळावर गाढ विश्वास. दुधात उगाळून लावायचं, वाळलं की धुवायचं. त्या मूळच्या आळंदकडच्या, कर्नाटकातल्या. चिडल्या की कानडीत जातात, आणि मी जायफळाला टाळाटाळ केली की थेट "अय्यो शिवने" पासून सुरुवात व्हायची. नणंद सरिता, जिचं नुकतंच लग्न ठरलं होतं, ती मोबाईलवर बघून तांदळाचं पीठ लावायला सांगायची. आमच्या ह्यांचं खतं-औषधांचं दुकान आहे. सोयाबीनच्या पानावर एक ठिपका दिसला तर शेतकऱ्याला तीन फवारण्या सांगतात. बायकोच्या हनुवटीबद्दल म्हणाले, "लक्षच देऊ नको."

शेवटी शाळेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं की हा हार्मोनचा खेळ आहे, तिच्या बहिणीला डॉक्टरांनी पाळणा लांबवायची गोळी दिली आणि चेहरा स्वच्छ झाला. मी ऐकून गप्प बसले. आमच्याकडं एकच मुलगी, आणि मामी पाच वर्षांपासून दुसऱ्या नातवंडाची वाट बघत होत्या. त्या गोळीचं पाकीट आशाताई घरोघरी वाटतात, त्यामुळं गावातली प्रत्येक सासू ते लांबून ओळखते. माझ्या कपाटात ते सापडलं असतं तर मी हनुवटी कितीही पुढं करून दाखवली असती तरी उपयोग झाला नसता.

म्हणून मी घरी "प्रशिक्षण आहे" असं सांगून सोलापूरला गेले. (शिक्षकांना प्रशिक्षण नेहमीच असतं, त्यामुळं ही थाप कुणीही पडताळून बघत नाही.) त्वचेच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. पाळीचं विचारलं, मग विचारलं, डोकं दुखतं का. म्हटलं, लई दुखतं, आणि दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं. त्यांनी लगेच सांगितलं की मग ती गोळी तुम्हाला चालायचीच नाही. पुढं मूल हवंय का, असं विचारलं. म्हटलं, घरच्यांना हवंय. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि तुम्हाला?"

माझं मलाच ठरवता आलेलं नव्हतं. तसं सांगितलं. तर म्हणाल्या, मग पोटातलं औषध सध्या कुठलंच नको, ट्यूबवर भागतंय का बघू. संध्याकाळी चेहरा धुऊन वाटाण्याएवढं मलम हनुवटीला लावायचं. फोडायचं नाही. लिंबू, जायफळ, दही काही फासायचं नाही. तीन महिने धीर धरायचा. यानंतर त्या आणखी एक गोष्ट बोलल्या, अगदी बोट वर करून बोलल्या. पण मी तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते, कारण माझी एसटी सुटायला वीस मिनिटं राहिली होती. मी मान डोलावली. वर्गात मुलं अशी मान डोलावतात तेव्हा मी त्यांना उभं करते.

ट्यूब खोक्यासकट मी माझ्या जुन्या कंपासपेटीत लपवली. खोक्यात बारीक अक्षरातला घडी घातलेला कागद होता. तो मी उघडला नाही.

आता घडीबद्दल सांगायला हवं. आमच्या मामींच्या घरात साडीची घडी हा साधा विषय नाही. साडी जमिनीला टेकता कामा नये, पलंगावर पसरता कामा नये. उभ्यानं घालायची. दोन्ही हातांत टोकं, मधला भाग हनुवटीखाली घट्ट दाबायचा, हात खाली आणून काठाला काठ जुळवायचा. सरिताला ते कधी जमलं नाही. मला पहिल्या वर्षातच जमलं. चौदा वर्षांच्या संसारात मामींनी माझ्या भाकरीला, माझ्या नोकरीला, माझ्या माहेराला कशालाच चांगलं म्हटलेलं नाही. पण चार बायकांत त्या हमखास म्हणायच्या, "घडी मात्र आमच्या वैशालीचीच. इस्त्री मागं सरंल." हे माझं एकमेव पदक होतं आणि मी ते जिवापाड जपत होते. संध्याकाळी शाळेतून आलं की तोंड धुवायचं, गुपचूप मलम लावायचं, आणि गच्चीवरचे वाळलेले कपडे आणून घड्या घालायच्या.

दुसऱ्याच आठवड्यात घरात पांढरे डाग दिसायला लागले.

आधी ह्यांची निळी लुंगी. मग सरिताची हिरवी ओढणी. मग पलंगावरची चादर. डाग कसला, रंगच उडालेला, रुपयाएवढा, पिवळसर पांढरा. मामींनी पहिला संशय टँकरच्या पाण्यावर घेतला. टँकरवाल्याला दारात उभं करून जाब विचारला. तो मुकाट्यानं आमच्याच तांब्यानं आमचंच पाणी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, माझा रंग उडाला का बघा." मग धुण्याची पावडर बदलली. मग पालीवर संशय आला. शेवटी नजर लागली असं ठरलं आणि मामींनी कपाटाच्या कडीला बिब्बा बांधला. बिब्ब्याचाही काही उपयोग झाला नाही, उलट डाग वाढले, कारण लग्नाची आवराआवर सुरू झाल्यामुळं माझ्या घड्या वाढल्या होत्या.

आणि मग एके दिवशी मामींची जांभळी इरकल निघाली. त्यांच्या आईनं दिलेली, त्या फक्त सणाला नेसायच्या. वरच्या काठापासून चार बोटं आत, पांढरा डाग. त्या कानडीत गेल्या नाहीत. साडी मांडीवर घेऊन डागावरून अंगठा फिरवत बसल्या.

मी त्याच दिवशी ठरवलं की याचा छडा लावायचा. विज्ञान शिकवतो ते कशासाठी! वहीत तक्ता केला. पाणी, पावडर, ऊन, पाल, असे रकाने. ह्यांना लई कौतुक वाटलं. त्यातच आहेराच्या साड्या आल्या. गल्लीतली शाहीनभाभी पंधरा वर्षांपासून आमच्याकडच्या साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. तिची धाकटी आफरीन माझ्याच वर्गात आहे. भाभीनं आहेराच्या साड्या फॉल लावून पाठवल्या, मी एकेक उघडून बघितली, कौतुकानं घड्या घालून कपाटात ठेवल्या. तीन दिवसांनी उघडल्या तर पाच साड्यांवर डाग.

इथं माझी बुद्धी चमकली. साड्या कोऱ्या होत्या, म्हणजे पाणी बाद. धुतल्या नव्हत्या, म्हणजे पावडर बाद. उन्हात गेल्या नव्हत्या. कपाटात पाल नव्हती. मी तक्त्यातला एकेक रकाना खोडत गेले आणि मामींना निकाल सांगितला, "मामी, या साड्यांना आपल्याशिवाय एकाच माणसाचा हात लागलाय."

("आपल्याशिवाय" हा रकाना मी तक्त्यात घातलाच नव्हता.)

मामी आणि मी भाभीकडं गेलो. बोलले मीच. मशिनचं तेल म्हणा, खुणा करायचा खडू म्हणा, कशानं तरी झालं असेल, मुद्दाम नव्हे, पण झालंय खरं, असं मी अगदी समजुतीच्या सुरात बोलले. भाभीनं मशिनवरचा पाय काढला. आमच्याकडं बघितलं, साड्यांकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "अम्मा, पंधरा वर्षांत तुमच्या घरात माझी एक टाचणी तरी राहिली का साडीत?"

आम्ही साड्या उचलून घरी आलो. त्या रविवारी बाजारात मामी दोन-तीन ओळखीच्या बायकांपाशी बोलल्या, की शाहीनकडं साडी देताना जरा बघून द्या. ऐन लग्नसराई. सोमवारी दोघींनी भाभीकडच्या आपल्या साड्या परत नेल्या. मंगळवारी आणखी एकीनं. लोहारा केवढंसं गाव, तिथं एकदा असं नाव झालं की फॉल लावायला कोण येणार? आफरीन वर्गात माझ्याकडं बघेना. मला वाईट वाटत होतं, पण मी मनाशी म्हणत होते, पुरावा तो पुरावा.

गुरुवारी संध्याकाळी मी घड्याच घालत होते तेव्हा शाहीनभाभी आमच्या दारात उभी राहिली. गळ्यात टेप, हातात खडू, चेहरा शांत. मामी उठल्या, या म्हणाल्या. भाभीनं डागाळलेल्या साड्या मागितल्या. सतरंजी टाकून पाचही साड्या पसरल्या आणि टेप लावला.

"अम्मा, बघा. फॉल म्या लावते खालच्या काठाला. डाग हाय वरच्या काठाला. माझी सुई तिथं जातच न्हाय." मग तिनं दोन्ही टोकांकडून लांबी मोजली. "आणि हे बी बघा. पाचही डाग बराबर मधोमध. तेल उडालं तर कुठंबी उडतंय, मोजून उडत न्हाय." मामींनी खाली वाकून बघितलं. सरिता धावत जाऊन इरकल घेऊन आली. तिच्यावरही मधोमध, काठापासून चार बोटं आत.

भाभीनं विचारलं, "घडी कोण घालतं?"

मामींना अशा वेळीही राहवलं नाही, अभिमानानं म्हणाल्या, "आमची वैशालीच. तिच्यावानी घडी गावात कुणाची न्हाय."

"मॅडम, एक घाला बरं."

आता माझं पदकच पणाला लागलेलं. मी एक बिनडागाची साडी उचलली आणि अशी सफाईनं घडी घालायला लागले की बघत राहावं. टोकं हातात, मधला भाग हनुवटीखाली, आणि हात खाली नेणार तोच भाभी म्हणाली, "थांबा. मान हलवू नका." तिनं माझ्या हनुवटीच्या दोन्ही बाजूंनी कापडावर खडूनं खुणा केल्या. साडी उघडली. डागाच्या साडीवर ठेवली. दोन खुणांच्या बरोबर मध्ये डाग बसला.

सगळ्यांनी आधी साडीकडं बघितलं, मग माझ्या हनुवटीकडं. आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्याकडं इतकं निरखून कधी बघितलेलं नाही, अगदी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा नाही.

मामी म्हणाल्या, "काय लावलंस गं तिथं?"

मी म्हटलं, "जायफळ."

(या वयात, या पदावर, सासूसमोर इतकी पडेल थाप! पण तोंडातून निघून गेली.)

"जायफळ?" मामी म्हणाल्या. "चाळीस वर्षं उगाळतीय म्या. माझ्या पदराचा रंग कधी गेला न्हाय."

मग कंपासपेटी आली. ट्यूब निघाली, खोकं निघालं, खोक्यातला तो कागद सरितानं उघडला आणि मोबाईल धरून मराठीत वाचून दाखवला. तिसरीच ओळ होती, की हे औषध केसांना आणि रंगीत कपड्यांना लागू देऊ नये, रंग उडतो. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बोट वर करून जे सांगितलं होतं ते हेच. मी दर परीक्षेला मुलांना बजावते, आधी सूचना वाचा, मग पेपर सोडवा.

मामींनी ट्यूब हातात घेतली, उलटसुलट केली आणि हळूच विचारलं, "ह्ये त्या गोळीतलं न्हाय न्हवं?" तेव्हा मात्र मी सगळं सांगून टाकलं. प्रशिक्षण नव्हतं, सोलापूर होतं. ती गोळी मला चालतच नाही, डोकं दुखतं, दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं. मला वाटलं आता कानडी सुरू होणार. मामींनी ट्यूब खाली ठेवली.

"डोकं दुखतंय ह्ये मला का सांगितलं न्हाईस?" त्या म्हणाल्या. "लेकरू व्हायचं तवा होईल. तुझं डोकं आधी."

चौदा वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडलेही असते, पण जणू इरकलच नेसली असावी अशा बेतानं त्यांनी हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "लांबूनच." प्रत्यक्षात इरकल सतरंजीवर होती, अंगावर रोजचीच साडी होती. धसका मात्र बसला होता.

मी भाभीपुढं जाऊन उभी राहिले. हात जोडले. म्हटलं, "भाभी, चूक माझी. तुमचं नाव म्या खराब केलं." मला रडू येत होतं आणि ते खोटं नव्हतं. भाभीनं टेप गुंडाळला. म्हणाली, "मॅडम, माझी पोरगी तुमच्याजवळ शिकते. तुम्हाला नापास करायला मला बी बरं वाटत न्हाय." आणि हसली. मग मामी हसल्या. मी सगळ्यात शेवटी हसले.

पण मामींचं समाधान तेवढ्यानं होणार नव्हतं. पुढच्याच रविवारी त्यांनी डागाची इरकल मुद्दाम नेसली, एका हाताला भाभीला धरलं, दुसऱ्या हाताला मला, आणि भर बाजारातून निघाल्या. मागच्या रविवारी तीन बायकांना सांगितलं होतं, ते मागं घ्यायला या रविवारी तीस जणींना सांगितलं. कांद्यावाली, मिरचीवाली, बांगड्यांवाला, कुणी सुटलं नाही. "शाहीनचा काही दोष न्हाय बरं का. ह्या आमच्या मास्तरीणबाईची हनुवटी!" असं म्हणत त्या माझी हनुवटी दोन बोटांत धरून वर उचलायच्या आणि वांगं दाखवावं तशी सगळ्यांना दाखवायच्या. एका आजीबाईनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, माझ्या काळ्या साडीला करून देशील का, मला पांढऱ्या ठिपक्यांची हवी होती.

बुधवारपर्यंत भाभीकडच्या परत गेलेल्या साड्या परत आल्या, सोबत नव्याही आल्या. मामींची इरकल आणि आहेराच्या पाचही साड्या भाभीनं ठेवून घेतल्या. प्रत्येक डागावर रेशमाचा एक बुट्टा काढला. इरकलीवर मोर, बाकीच्यांवर कमळ. आणि एकटा बुट्टा विचित्र दिसू नये म्हणून काठानं आणखी चार-चार. लग्नात नवऱ्यामुलाकडच्या बायका साड्या सोडून बुट्टेच बघत होत्या. कुठं करून घेतलं म्हणून विचारत होत्या. मामी शाहीनभाभीला पुढं ओढून सांगायच्या, आणि भाभी मागं सरून माझ्याकडं बोट दाखवायची, "डिझाइन मॅडमचं हाय."

तीन महिने संपले तेव्हा हनुवटी खरोखर स्वच्छ झाली. नव्या येतात अजून एखाददुसऱ्या, पण पहिल्यासारखा मेळा भरत नाही. मी आता मलम लावते ते घड्या घालून झाल्यावर, आणि उशीला पांढरा अभ्रा. मामींनी एक दिवस माझा चेहरा उजेडाकडं वळवून बघितला, कौतुकानं मान हलवली आणि म्हणाल्या, "बघ. म्या सांगत होते का न्हाय? जायफळ उशिरा लागू पडतंय, पण पडतंय." मी विज्ञानाची शिक्षिका. म्हटलं, "व्हय मामी."

पदकही परत मिळालं. फक्त घडी घालायच्या आधी मामी जुनं तांबडं फडकं माझ्या हनुवटीवर घासून बघतात, मग साडी हातात देतात.

परवा आठवीला विरंजनाचा धडा आला. रंगीत पदार्थाचा रंग काही रसायनांनी उडतो, वगैरे मी नेहमीच्या तयारीनं शिकवलं. शेवटी सवयीप्रमाणं विचारलं, "याचं रोजच्या आयुष्यातलं एखादं उदाहरण कोण सांगेल?" एकही हात वर आला नाही. आफरीननं ओढणी तोंडाला लावली, आणि अख्खा वर्ग अतिशय आदरानं माझ्या हनुवटीकडं बघायला लागला.